सात वर्षं, चौदा वर्षं, जन्मभर: ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या कैद्यांचं पुढे काय झालं?

ॲशेस मालिका सुरू झाली की इंग्लंडचे पाठीराखे ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना एका गोष्टीवरून हमखास डिवचतात: तुम्ही कैद्यांची पोरं. आपल्याकडेही क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही विचारा, 'ऑस्ट्रेलिया म्हणजे इंग्रजांचा तुरुंग होता' एवढं त्याला ठाऊक असतं. त्याला जोडून आणखी एक गोष्ट येते. भुकेल्या माणसाने पाव चोरला आणि बिचाऱ्याला थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धाडलं.

दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. पाव चोरणाऱ्यांपेक्षा कपडे, घड्याळं, मेंढ्या चोरणारे पुष्कळ होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची ती पहिली चोरी नव्हती. राहिला तुरुंग. तर तिकडे गेलेल्या बहुसंख्य कैद्यांनी शिक्षेचा मोठा काळ कोठडीबाहेरच काढला, कुणाच्या तरी शेतावर, गोठ्यात, स्वयंपाकघरात. मग शिक्षा होती तरी कसली? ती समजायला जरा सुरुवातीपासून यावं लागेल.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून १ लाख ६० हजारांहून जास्त माणसं ऑस्ट्रेलियाला पाठवली गेली. त्यांत बायका साधारण २५ हजार. बहुतेक सगळे ऐन उमेदीतले. काही थोडे राजकीय कैदी होते: १७९८च्या उठावातले आयरिश बंडखोर, किंवा मजुरी कमी होतेय म्हणून एकत्र येऊन शपथ घेतली एवढ्यासाठी १८३४ मध्ये शिक्षा झालेले टोलपडल गावचे सहा शेतमजूर. पण बाकी गर्दी साध्या चोरांची.

फाशी नको, पण इथेही नको

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्यात फाशीच्या गुन्ह्यांची यादी दोनशेच्या आसपास गेली होती. कुणाच्या घरातून ४० शिलिंगांचा माल उचलला तरी फाशी. कायदा इतका कडक झाला की तो लावायलाच लोक कचरू लागले. ज्युरीत बसलेली भली माणसं चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवत. सगळ्यांना कळायचं, कुणी बोलायचं नाही, आणि आरोपी फासावरून खाली उतरायचा.

पण उतरला की त्याचं करायचं काय? लांब मुदतीसाठी माणसं ठेवायचे तुरुंग तेव्हा जवळजवळ नव्हतेच. तुरुंग म्हणजे खटला उभा राहीपर्यंत डांबून ठेवायची जागा. त्यामुळे सोय काढली ती अमेरिकेची. तिथल्या मळ्यांना मजूर हवे होते आणि इकडे नकोशी माणसं होती. अशी पन्नास हजारांच्या आसपास माणसं पाठवून झाली आणि मग अमेरिकाच स्वातंत्र्यासाठी उभी राहिली. ते दार बंद झालं. १७७६ पासून टेम्स नदीत जुनी, मोडकळीला आलेली जहाजं उभी करून त्यांत कैदी कोंबायला सुरुवात झाली. या जहाजांना 'हल्क' म्हणत. तात्पुरती सोय म्हणून केलेला हा प्रकार पुढे ऐंशी वर्षं चालला. सरकारी 'तात्पुरतं' म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शेवटी ठरलं ऑस्ट्रेलिया. हद्दपारीची मापं प्रामुख्याने तीन: सात वर्षं, चौदा वर्षं, जन्मभर. पुढे या मुदतींना प्रत्यक्षात फारसा अर्थ राहिला नाही, कारण सात वर्षं संपली तरी परत आणून सोडायची जबाबदारी सरकारची नव्हती. तिकिटाचे पैसे जमवा आणि या. पैसे कुठून जमणार? थोडेफार पुरुष खलाशाचं काम करत मायदेशी पोचले. बायकांना तोही मार्ग नव्हता. म्हणजे कागदावर सात वर्षांची असलेली शिक्षा बहुतेकांना जन्माचीच पुरली.

लंडनच्या मेरी वेडचंच बघा. वय ११. रस्ते झाडायची, भीक मागायची. तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून आठ वर्षांच्या एका मुलीच्या अंगावरचा झगा आणि टोपी काढून घेतली आणि झगा गहाण टाकला. जानेवारी १७८९ मध्ये तिला फाशी सुनावली गेली. त्या सुमारास राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यातून बरा झाला आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ फाशीच्या कोठडीतल्या बायकांना जीवदान मिळालं. राजाचं डोकं ताळ्यावर आलं म्हणून मेरी वाचली आणि जन्मभरासाठी ऑस्ट्रेलियाला गेली. तिच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

घासून गुळगुळीत केलेली पेनी

जहाज सुटण्याआधी महिनोन्‌महिने कैदी हल्कवर किंवा तुरुंगात पडून असत. त्या वेळात ते एक काम करत. १७९७ सालची तांब्याची पेनी घ्यायची. हे नाणं चांगलं जाडजूड, हातात वजन लागणारं. ते घासून घासून दोन्ही बाजूंचा राजा आणि ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी) पार पुसून टाकायची आणि कोऱ्या झालेल्या तांब्यावर खिळ्याच्या टोकाने ठिपके ठोकत अक्षरं काढायची. आपलं नाव, बायकोचं किंवा प्रेयसीचं नाव, शिक्षेची वर्षं आणि एखादी ओळ: हे पाहशील तेव्हा माझी आठवण काढ. काहींवर हृदय, काहींवर कबुतरं, काहींवर पायात साखळदंड असलेला माणूस. ज्याला अक्षरं यायची नाहीत तो येणाऱ्याकडून करून घ्यायचा. अशी तीनशेहून जास्त नाणी कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. राजाचा चेहरा घासून त्या जागी बायकोचं नाव घालणं हा मुळात गुन्हाच. पण तोवर आणखी काय शिक्षा व्हायची राहिली होती?

माणशी सतरा पौंड

पहिला ताफा १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाला. अकरा जहाजं, साडेसातशेच्या आसपास कैदी, बरोबर शिपाई आणि त्यांची कुटुंबं. प्रमुख आर्थर फिलिप. टेनेरिफ, रिओ दि जानेरो, केपटाऊन असं करत आठ महिन्यांनी, २६ जानेवारी १७८८ ला ते सिडनीच्या खाडीत उतरले. एवढ्या लांबच्या प्रवासात पन्नासच्या आतच माणसं दगावली. त्या काळाच्या मानाने हे थक्क करणारं होतं. फिलिपने वाटेत ताजं मांस, भाज्या, फळं यांवर पैसा खर्च केला होता, त्याचा हा परिणाम.

दुसऱ्या ताफ्याचं काम सरकारने ठेक्यावर दिलं. ठेकेदार कोण, तर आफ्रिकेतून गुलाम वाहून नेणारी लंडनची कंपनी. दर ठरला माणशी १७ पौंड, ७ शिलिंग, ६ पेन्स, आणि तो जहाजात चढवलेल्या माणसामागे. उतरवलेल्या नव्हे. आता हिशेब करा: वाटेत कैदी मेला तर ठेकेदाराचं नुकसान काहीच नाही, उलट त्याचं अन्न वाचलं. कैद्यांच्या पायांत गुलामांसाठी वापरायच्या आखूड, आडव्या दांड्याच्या बेड्या घातल्या. धड चालता येत नाही की बसता येत नाही. साधारण हजार कैद्यांपैकी चारातला एक समुद्रातच मेला. शेजारच्याला मरण आलं तरी ते लपवून ठेवायचं, म्हणजे त्याचा शिधा आपल्याला मिळेल, असंही तिथे चालल्याचं वसाहतीच्या पाद्र्याने, रिचर्ड जॉन्सनने, लिहून ठेवलंय. आणि जून १७९० मध्ये सिडनीत पोचल्यावर याच जहाजांच्या कप्तानांनी उरलेल्या धान्याचं दुकान मांडलं. चढ्या भावाने.

पुढे पैशांचा काही भाग कैदी जिवंत उतरण्याशी बांधला गेला आणि चित्र पालटू लागलं. तरी १८१४ मध्ये तीन जहाजांवर पुन्हा माणसं पटापट मेली, तेव्हा सिडनीच्या वसाहतीचा गव्हर्नर मॅक्वारी याने चौकशीला लावलं विल्यम रेडफर्न या डॉक्टरला. हा स्वतः हद्दपारीचा कैदी. १७९७ च्या नौदलातल्या बंडात सामील असल्याबद्दल आधी फाशी, मग हद्दपारी झालेला. त्याने लिहून दिलं: रोज डेकवर मोकळी हवा, बिछाने वाळवणं, साफसफाई, आणि जहाजावर कप्तानाचं न ऐकता वागू शकेल असा नौदलाचा डॉक्टर. १८१५ पासून असा सरकारी डॉक्टर प्रत्येक जहाजावर जाऊ लागला. त्यानंतर मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात कमी वाचलेलं पण सर्वात कामाचं पान हेच. माणसं तीच, समुद्र तोच. फरक पडला तो पैसे कशाचे मिळतात आणि जबाबदार कोण, यामुळे.

आपली भाकरी आपण आणा

पहिली दोन-अडीच वर्षं सिडनीत कैदी आणि पहारेकरी दोघंही उपाशी होते. आणलेलं बियाणं रुजेना, शेती येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, गुरं रानात पळून गेली. मार्च १७९० मध्ये सिरिअस हे जहाज नॉरफोक बेटाजवळ खडकांवर फुटलं आणि शिधा आणखी कापला गेला. फिलिपने स्वतःच्या साठ्यातलं पीठ सरकारी कोठारात दिलं. त्याच्याकडे जेवायला बोलावणं आलं तर पाहुण्याने आपला पाव आपण घेऊन जायचा, अशी रीत पडली.

अशा ठिकाणी अन्नचोरीला माफी नव्हती. उतरून महिना झाला होता. थॉमस बॅरेट नावाच्या कैद्याने कोठारातून लोणी, वाटाणे, डुकराचं मांस चोरलं, म्हणून २७ फेब्रुवारी १७८८ ला त्याला झाडाला टांगलं. वसाहतीतली ही पहिली फाशी. बॅरेट मोठा हिकमती. रिओच्या बंदरात जहाज उभं असताना त्याने बकलं आणि चमचे वितळवून खोटी नाणी पाडली होती. जहाजावर एवढा पहारा, विस्तवाजवळ जाऊ देत नाहीत, तरी हे त्याने कसं साधलं याचं डॉक्टर जॉन व्हाईटला मोठं नवल वाटलं होतं. पुढे काही दिवसांनी फाशीची शिक्षा झालेल्या आणखी एका कैद्याला, जेम्स फ्रीमनला, जीवदान मिळालं ते एका अटीवर: यापुढे जल्लाद तू. १७८९ मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी बारा माणसं नेमली, तीही कैदीच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. पण दुसरं होतं कोण?

याच भुकेल्या वसाहतीत जुलै १७८८ मध्ये एक खटला उभा राहिला. हेन्री केबल आणि सुझॅना होम्स, दोघं कैदी. नॉरिचच्या तुरुंगात त्यांची गाठ पडली, तिथेच मूल झालं. सुझॅनाला जहाजावर पाठवायची वेळ आली तेव्हा हल्कच्या कप्तानाने मूल घ्यायला नकार दिला. हुकुमात बाळाचा उल्लेख नाही, म्हणे. सोबत आलेला तुरुंगाचा रखवालदार जॉन सिम्प्सन ते तान्हं पोर मांडीवर घेऊन घोडागाडीने लंडनला गेला, गृहमंत्री लॉर्ड सिडनीला गाठलं आणि आई, बाप, बाळ तिघांना एकत्र पाठवायचा हुकूम घेऊन आला. वर्तमानपत्रांत ही हकीकत गाजली. लोकांनी वर्गणी काढून त्यांना कपडे, पुस्तकं, संसाराचं सामान घेऊन दिलं. ते गाठोडं अलेक्झांडर या जहाजावर चढवलं आणि सिडनीला पोचेपर्यंत गायब झालं.

केबल नवराबायकोने अलेक्झांडरच्या कप्तानावर, डंकन सिंक्लेअरवर, दावा लावला. इंग्लंडात असे शिक्षा झालेले कैदी कायद्याने जणू मेलेलेच: त्यांना मालमत्ता नाही, दावा नाही. पण सिडनीतल्या कोर्टाच्या कागदांत त्यांना गुन्हेगार म्हटलंच नाही, 'या ठिकाणचे नवे रहिवासी' म्हटलं. निकाल त्यांच्या बाजूने लागला. १५ पौंड भरपाई. त्या भूमीवरचा हा पहिला दिवाणी खटला, आणि तो कैद्यांनी कप्तानावर जिंकला. हेन्री केबल पुढे मुख्य पोलीस शिपाई झाला, मग जहाजांचा व्यापारी.

कुणाच्या पदरी पडतो

आता मूळ प्रश्न: शिक्षा कसली? एका शब्दात, काम. सुरुवातीला सरकारी काम दुपारी तीनपर्यंत, त्यानंतर कैदी मोकळा. तो बाहेर मजुरी करून खोलीचं भाडं भरत असे. वसाहत वाढली, मेंढपाळी वाढली आणि बहुतेक कैदी खासगी मालकांकडे दिले जाऊ लागले. मालकाने अर्ज करायचा: मला सुतार हवा, गाड्या हाकणारा हवा, मोलकरीण हवी. सरकारने माणूस द्यायचा. मालकाने त्याला अन्न, कपडे, निवारा द्यायचा. शिधा ठरलेला असे: आठवड्याला पाच किलोच्या वर गहू, तीन किलोच्या आसपास मांस, थोडं मीठ, साबण. इंग्लंडातल्या शेतमजुराला आठवड्याला एवढं मांस क्वचितच दिसायचं. सरकारचा खर्च वाचला, मालकाला फुकट हात मिळाले.

सगळं गणित मालकावर. भला निघाला तर कैदी घरच्या गड्यासारखा राहिला, त्याच्याच ताटात जेवला, मुदत संपल्यावर त्याच्याचकडे पगारी राहिला. खडूस निघाला तर आयुष्याची राख. एकच गुन्हा, एकच शिक्षा, एकाच जहाजातून उतरलेले दोन भाऊ आणि दोघांची नशिबं दोन टोकांना. लॉटरीच ती.

मालकाला स्वतः चाबूक उचलायची परवानगी नव्हती. गड्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागे. ऐकायला बरं वाटतं. पण मॅजिस्ट्रेट म्हणजे शेजारचा जमीनदार, आणि त्याच्याकडेही कैदीच कामाला. आज तुझा, उद्या माझा. दारू, कामचुकारपणा, पळून जाणं, 'उद्धटपणा' यांवर नऊ शेपट्यांच्या चाबकाचे फटके. १८३२ मध्ये गव्हर्नर बर्कने एका मॅजिस्ट्रेटला पन्नासच फटके देता येतील अशी मर्यादा घातली, तर जमीनदारांनी केवढी ओरड केली. म्हणे, कैद्यांना लाडावताय.

चाबकाच्या जोडीला दुसरं हत्यार होतं कागद. 'तिकीट ऑफ लीव्ह' म्हणजे मुदत संपायच्या आधी मिळणारा मोकळीकीचा परवाना. सात वर्षंवाल्याला चार वर्षांनी, चौदावाल्याला सहा, जन्मठेपवाल्याला आठ वर्षांनी तो मागता यायचा, वागणूक चांगली असेल तर. तो मिळाला की स्वतःसाठी काम करायचं, पैसे कमवायचे, पण जिल्हा सोडायचा नाही आणि हजेरी द्यायची. एक चूक आणि कागद गेला. त्याच्या पुढची पायरी सशर्त माफी: वसाहतीत मोकळे, इंग्लंडला परत यायचं नाही. त्याच्याही पुढे पूर्ण माफी. आमिष म्हणून शेत आणि धाक म्हणून रस्ता, असा हा सौदा होता. रस्ता म्हणजे अक्षरशः रस्ता: बिघडलेल्या कैद्याला पायांत बेड्या घालून खडी फोडायच्या टोळीत पाठवत.

हीच पद्धत आपल्याला ओळखीची वाटली तर नवल नाही. त्याच काळात ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातले कैदी मॉरिशस, सिंगापूर इथे रस्ते बांधायला पाठवत होती, त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. आणि १८५८ मध्ये अंदमानची वसाहत झाली तेव्हा तिथेही वर्षं भरली की 'तिकीट' मिळायचं, जमीन कसायची, लग्न करायचं. काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सावरकरांची सेल्युलर जेलमधली कोठडी येते. पण ती इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्याआधीचं अर्धशतक अंदमान बरंचसं या ऑस्ट्रेलियाच्या वळणावर चाललं होतं.

उंदरांनी राखलेला सदरा

सिडनीत मोकळे फिरणारे कैदी आवरायला मॅक्वारीने १८१९ मध्ये हाइड पार्क बराक उघडली. सहाशे माणसांसाठी बांधलेली, पण कधीकधी त्याच्या दुप्पट माणसं झोपायची. कापडी झोळ्या दोन रांगांत टांगलेल्या, खांद्याला खांदा लावून. आज तिथे संग्रहालय आहे. तिथल्या सर्वात मोलाच्या वस्तू कुणी जपल्या असतील तर उंदरांनी. फळ्यांखाली घरटी करायला त्यांनी चिंध्या, कागद, धागे, हाडं ओढून नेली आणि दीडशेहून जास्त वर्षांनी फळ्या उचलल्या तेव्हा त्यात कैद्याचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा निघाला. सरकारी दप्तरात आहे त्यापेक्षा जास्त रोजचं जगणं त्या कचऱ्यात सापडलं.

ही बराक बांधणारा फ्रान्सिस ग्रीनवे हाही कैदीच. ब्रिस्टलचा वास्तुशिल्पी, बनावट दस्तऐवज केला म्हणून आधी फाशी, मग चौदा वर्षं हद्दपारी. बराकीवर खूश होऊन मॅक्वारीने त्याला पूर्ण माफी दिली. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने नवं चलन काढलं, तेव्हा दहा डॉलरच्या नोटेवर चित्र छापलं ते या ग्रीनवेचं. खोटे कागद केल्याबद्दल फाशी झालेला माणूस आणि त्याचाच चेहरा नोटेवर. ऑस्ट्रेलियन लोकांची विनोदबुद्धी मला या एका नोटेत जेवढी दिसते तेवढी कुठे दिसत नाही.

बायकांची गोष्ट वेगळी होती. त्यांनाही घरकामाला देत, आणि मालकाचं घर म्हणजे भलत्याच गोष्टींची भीती. गरोदर राहिली तर शिक्षा तिला. तिला परत पाठवायचं 'फीमेल फॅक्टरी'त. नाव कारखाना, पण तो तुरुंगही, बाळंतीणगृहही, कापड विणायचा माग आणि धुण्याचा घाटही. सिडनीजवळच्या पॅरामॅट्टाच्या फॅक्टरीत लग्नाळू पुरुष यायचे, बायका रांगेत उभ्या राहायच्या, पसंती व्हायची. १८२७ मध्ये शिधा कापला म्हणून याच बायकांनी दारं फोडली आणि गावात शिरून पाव लुटले. होबार्टच्या कॅस्केड्स फॅक्टरीत दमट दरीत, उन्हाचं नाव नाही अशा जागी तान्ही मुलं फार मेली.

१८४१ साली 'राजा' नावाच्या जहाजातून १८० बायका होबार्टला निघाल्या. तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्रायच्या मंडळींनी प्रत्येकीला सुई, दोरा, कात्री, कापडाचे तुकडे दिले होते. तीन महिन्यांत त्यांनी २,८१५ तुकड्यांची एक मोठी गोधडी शिवली. मधोमध पक्षी आणि फुलं, भोवती चौकटीत चौकटी. काही टाके सुबक, काही वेडेवाकडे, आणि टोचलेल्या बोटांच्या रक्ताचे छोटे डागसुद्धा. गोधडी शिवणाऱ्या बाईला कुठला टाका हळव्या हाताचा आणि कुठला वैतागलेला ते लगेच कळेल. ती आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, नाजूक म्हणून क्वचितच बाहेर काढतात.

दुसऱ्यांदा चुकलेल्यांसाठी

सिनेमात दिसतो तो भीषण तुरुंग खरा होता, पण तो वसाहतीत येऊन पुन्हा गुन्हा केलेल्यांसाठी. मॅक्वारी हार्बर, नॉरफोक बेट, पोर्ट आर्थर. पोर्ट आर्थरची जमीन मुख्य भूमीला एका अरुंद पट्टीने जोडलेली, त्या पट्टीवर साखळीने बांधलेल्या कुत्र्यांची रांग. बिली हंट नावाचा कैदी म्हणे कांगारूचं कातडं पांघरून उड्या मारत निघाला, आणि अर्धपोटी पहारेकऱ्यांनी रात्रीच्या जेवणाची सोय झाली म्हणून त्याच्यावरच बंदूक रोखली. 'गोळी घालू नका, मी बिली हंट!' असं ओरडत तो शरण आला, अशी गोष्ट सांगतात.

१८५० च्या सुमारास फटके कमी होऊन दुसरा प्रकार आला: अबोला. एकेकाला वेगळी कोठडी, बाहेर पडताना चेहऱ्यावर मुखवटा, बोलायचं नाही. प्रार्थनाघरातही प्रत्येकाला स्वतंत्र लाकडी खोका, दिसतो तो पाद्रीच. सुधारकांना वाटलं, शांततेत माणूस स्वतःशी बोलेल. बरेच जण बोलू लागलेही, पण वेडाच्या भरात.

पळून जाणारे सगळीकडे असत. मेरी ब्रायंट, नवरा, दोन मुलं आणि सात जण १७९१ मध्ये गव्हर्नरची उघडी होडी घेऊन निघाले आणि ६९ दिवसांनी पाच हजार किलोमीटरवर तिमोरला पोचले. मग पकडले गेले. परतीच्या वाटेवर नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. मेरीला लंडनमध्ये माफी मिळाली. त्याच वर्षी आयर्लंडचे वीसेक कैदी पायी निघाले, चीनला! उत्तरेला नदी ओलांडली की चीन, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

ती जमीन कुणाची

कैद्यांना जी जमीन मिळाली ती रिकामी नव्हती. सिडनीच्या खाडीभोवती गॅडिगल लोक राहत होते. १७८९ मध्ये देवीची साथ आली आणि त्या भागातले आदिवासी फार मोठ्या संख्येने मेले. पुढे मेंढ्यांचे कळप आत आत सरकले आणि त्यांच्यामागे जे गेले त्यांत मालकाचे कैदी गुराखी पुष्कळ. १८३८ मध्ये मायल क्रीक इथे गुराख्यांच्या एका टोळीने किमान २८ निःशस्त्र आदिवासींना, बहुतेक बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, दोराने बांधून नेऊन मारलं. टोळीतले जवळजवळ सगळे कैदी किंवा माजी कैदी. सात जणांना फाशी झाली. त्यांच्याबरोबरचा एकुलता मोकळा जमीनदार, जॉन फ्लेमिंग, निसटला आणि त्याला कधीच शिक्षा झाली नाही. कैद्यांचं दुःख सांगताना हा कागद वगळून चालत नाही.

डाग

व्यवस्था मोडली ती हळूहळू. स्वखुशीने आलेल्या लोकांची संख्या वाढली, त्यांना फुकट कैदी मजुरांशी स्पर्धा नको होती आणि चोरांच्या वसाहतीचा शिक्काही नको होता. न्यू साउथ वेल्सला, म्हणजे सिडनीच्या वसाहतीला, कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं. १८५१ मध्ये सोनं सापडलं. मग जिथे जायला लंडनचे लोक पदरचे पैसे मोजत होते, तिथे चोराला फुकट पाठवण्याला शिक्षा कोण म्हणणार? व्हॅन डिमेन्स लँडला १८५३ मध्ये शेवटचे कैदी उतरले, आणि तीन वर्षांनी त्या बेटाने नावच बदलून टास्मानिया केलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाला मात्र मजुरांची टंचाई होती म्हणून तिने १८५० पासून स्वतःहून कैदी मागवले. शेवटचं जहाज जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागलं.

मग शंभर वर्षं हा विषय घरात काढायचा नाही. आजोबा कुठून आले? 'जहाजाने.' पण जहाजावरच्या नोंदवह्या शिल्लक होत्या: उंची, डोळ्यांचा रंग, दंडावर गोंदलेला नांगर, बोटांवर गोंदलेली अक्षरं, आईचं गाव. त्या काळातल्या एवढ्या गरीब माणसांची इतकी बारीक नोंद जगात फार कमी ठिकाणी असेल. या दप्तरांना युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. आज वंशावळ शोधताना घरात कैदी सापडला की ऑस्ट्रेलियन माणूस तो अभिमानाने सांगतो. पहिल्या ताफ्यातला असेल तर विचारूच नका.

मेरी वेड, ती झगा चोरणारी मुलगी, १८५९ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी गेली तेव्हा तिच्या मुला-नातवंडा-पतवंडांची संख्या तीनशेच्या वर होती. पुढे पंतप्रधान झालेले केव्हिन रड तिच्याच वंशातले.

आणि सॅम्युअल स्पीड. इंग्लंडात बेघर, उपाशी फिरत असताना त्याने गवताची गंजी पेटवली. अटक झाली तर निदान जेवायला तरी मिळेल म्हणून. सात वर्षांची शिक्षा झाली आणि तो १८६६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाला पोचला. हद्दपार कैद्यांमधला शेवटचा जिवंत माणूस म्हणून तो ओळखला जातो. पर्थमध्ये तो गेला १९३८ च्या नोव्हेंबरात, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डॉन ब्रॅडमन इंग्लंडात ॲशेस खेळत होता.